बेडकाला तळं नको, ओल हवी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दक्षिण सह्याद्रीतल्या एका हिरव्या बेडकाचं छायाचित्र छापलं होतं. बांबूच्या चिरेतून अर्धवट बाहेर आलेला, जेमतेम इंचभर. नाव राऑर्केस्टेस कॅलाझोडेस. खाली मी एवढंच लिहिलं होतं, की हा बेडूक १३६ वर्षं कुणाला दिसला नव्हता, बांबूच्या पोकळ पेरात अंडी घालतो, नर ती राखतो आणि याचं पिल्लू आयुष्यात कधी पाण्यात पोहत नाही. त्यावर आलेल्या पत्रांनी टेबल भरलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ‘बेडूक घरात येऊ नये म्हणून काय करावं’ असं विचारणाऱ्यांना वेगळं उत्तर पाठवलंय, ते इथे नको.

शाळेत आम्ही अंडी, मग बेडूकमासा, मग शेपूट गळून बेडूक असं चक्र शिकवत आलो. पाणीच नसेल तर बेडूकमासा जगतो कुठे? की आम्ही चुकीचं शिकवलं?
— रत्नागिरीहून एक निवृत्त मुख्याध्यापक

चुकीचं नाही सर, अपुरं. पुस्तकातलं चक्र डबक्यातल्या मोठ्या बेडकाचं आहे. प्रयोगशाळेत मेणाच्या ट्रेवर टाचण्यांनी पालथा केला जायचा, तोच. तो पहिल्या पावसात हजारोंनी अंडी घालतो आणि निघून जातो. बेडूकमाशांनी शेवाळ खरवडावं, पाणकिड्यांपासून वाचावं, डबकं आटायच्या आत पाय फुटावेत, हे सगळं त्यांचं त्यांनी बघायचं.

या हिरव्या बेडकाचा बेडूकमासा अंड्याच्या आतच असतो. अंडी मोजकी, पण प्रत्येक अंडं अंगाच्या मानाने मोठं, आणि आत पिवळ्या बलकाची भरपूर शिदोरी. अंड्याभोवतीचा जेलीचा थर काचेसारखा पारदर्शक असतो, त्यामुळे बाहेरूनच सगळं दिसतं: आधी डोळ्यांचे काळे ठिपके, मग पायांचे कोंब, मग बोटं. शेपटीही येते आणि बाहेर पडायच्या सुमाराला जवळजवळ जिरून गेलेली असते. एक दिवस जेली फाटते आणि पूर्ण बेडूक बाहेर येतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसलेला. याला थेट विकास म्हणतात. राऑर्केस्टेस या झुडपी बेडकांच्या प्रजातीत आजवर ६०हून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि त्यांची पुनरुत्पादनाची रीत हीच. कोणी पानावर अंडी घालतं, कोणी पालापाचोळ्यात, कोणी बांबूत.

आता वर्गात सांगायचा खरा मुद्दा. कोंबडीच्या अंड्याला कवच असतं, बेडकाच्या अंड्याला नसतं. अंडं पाण्याबाहेर आलं म्हणून ते पाण्यातून सुटलं असं होत नाही. जेली एक दिवस वाळली तरी आतला जीव संपतो. या बेडकाला तळं नको, ओढा नको, डबकंही नको. पण अंडी फुटेपर्यंत रात्रंदिवस दमट राहणारी हवा हवी, आणि ती मिळण्याची जागा म्हणजे वर्षावन. त्यातही बांबूच्या बंद पेराच्या आतली हवा बाहेर उघडीप पडली तरी ओलीच राहते. दक्षिणेत ज्याला ‘ईटा’ म्हणतात तो हा बांबू, शास्त्रीय नाव ओक्लँड्रा ट्रावनकोरिका. आपल्याकडच्या मेसकाठीसारखा भरीव नाही. पेर लांब, भिंत पातळ, आत नुसती पोकळी. सदाहरित जंगलात ओढ्यांच्या कडेने त्याची बेटं पसरलेली असतात.

१३६ वर्षं हा बेडूक कुणालाच दिसला नाही म्हणता. इंचभर असला तरी चकचकीत हिरवा आहे. दिसला नाही की कुणी पाहिलाच नाही?
— कोल्हापूरहून एक वाचक

दुसरं. १८७४ साली याचे नमुने हाती आले, १८७६ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या गुंथर यांनी जातीचं वर्णन छापलं, आणि ठिकाण म्हणून लिहिलं ‘त्रावणकोर’. एवढंच. त्रावणकोर म्हणजे एक आख्खं संस्थान! तिथला कुठला डोंगर, किती उंची, झाडावर की जमिनीवर, काही नाही. पुढच्या माणसाने शोधायचं कुठे?

२०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातले प्रा. एस. डी. बिजू यांनी भारतातल्या हरवलेल्या उभयचरांची यादी करून देशभरातल्या लोकांना शोधाला लावलं. त्यात हा पुन्हा सापडला. मांड्या राखी-निळ्या, डोळ्यांत सोनेरी चट्टे. दिवसा बांबूच्या आत, रात्री बाहेर. दिवसा फिरणाऱ्या माणसाला तो दिसण्याची शक्यताच नव्हती.

तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनतुरै व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात परवानगी घेऊन काम करणाऱ्या एका गटाबरोबर मीही गेले होते. ईटा हे हत्तींचं आवडतं खाणं. त्यामुळे रात्री त्या बेटांत शिरताना कान बेडकाकडे कमी आणि हत्तीकडे जास्त असतात. सोबतचा काणी समाजाचा वाटाड्या मधेच हात वर करायचा, आम्ही बॅटऱ्या बंद करून उभे राहायचो आणि तेवढ्या वेळात जळवा मोज्यांत पोचायच्या. बेडकाचा आवाज अगदी जवळून, छातीच्या उंचीवरून येतो. प्रकाश टाकावा तर समोर नुसता बांबू. नर आत बसून ओरडत असतो! कान काठीला लावला की कुठल्या पेरातून आवाज येतोय ते कळतं. मग त्या पेराभोवती बोट फिरवून चीर शोधायची. ती एवढीशी असते, की बेडूक तिच्यातून जातो यावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. हा बेडूक अंग पार चपटं करून एकेक पाय आत ओढत शिरतो.

बांबू न फोडता आतलं पाहायला लवचीक नळीच्या टोकावरचा बारीक कॅमेरा लागतो, म्हणजे डॉक्टर वापरतात तसा एंडोस्कोप. के. एस. शेषाद्री, के. व्ही. गुरुराजा आणि डेव्हिड बिकफर्ड या तिघांचं या बांबूतल्या प्रजननावरचं काम २०१४ च्या अखेरीला प्रसिद्ध झालं. बेडकांमध्ये पुनरुत्पादनाची ही तऱ्हा तोवर कुणी नोंदवलेली नव्हती.

नर अंडी राखतो म्हणजे नेमकं काय करतो? की नुसता बसून असतो? आमच्याकडेही असे पुरुष आहेत.
— पुण्याहून एक वाचक भगिनी

तुमचं पत्र संपादक विभागात मोठ्याने वाचलं गेलं, हे सांगायला हवं.

नुसता बसत नाही. मादी अंडी घालते, ती पेराच्या आतल्या भिंतीला चिकटतात, आणि ती निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. त्याचा उपयोग तरी किती होतो हे तपासायला शेषाद्री आणि बिकफर्ड यांनी काही पेरांतले नर बाजूला केले आणि अंड्यांचं काय होतं ते पाहिलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाप नसलेली अंडी वाचण्याचं प्रमाण खूप घसरलं. आणि ती खाल्ली कुणी? मोठ्या प्रमाणावर त्याच जातीच्या दुसऱ्या नरांनी! शेजारच्या नराला आयतं पौष्टिक खाणं मिळतं आणि कदाचित रिकामी खोलीही. म्हणून राखण करणारा नर घुसखोराला पाहिला की वेगळाच, भांडखोर आवाज काढतो आणि तरीही तो हटला नाही तर अंगावर जातो. चीर अरुंद असण्याचा फायदा इथे कळतो. पहारा एकाच दारावर ठेवावा लागतो.

मी यंत्र अभियंता आहे. भोक असलेले बांबू कमी पडत असतील तर साधा ड्रिल घेऊन प्रत्येक बांबूला भोकं पाडली तर बेडूक वाढणार नाहीत का?
— नाशिकहून एक वाचक

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. बेडूक स्वतः बांबूला भोक पाडू शकत नाही. किडे, उंदरासारखे कुरतडणारे प्राणी, असल्या कुणाची तरी मेहनत त्याला आयती लागते. म्हणजे जंगलात बांबू लाखभर असले तरी बेडकाच्या हिशेबात त्यातले फार थोडे घर म्हणून मोजले जातात.

आणि तुमची कल्पना दुसऱ्या एका बेडकावर करून पाहिलेली आहे. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोच्या वर्षावनात कोकी नावाचा छोटा बेडूक आहे. त्याचाही विकास थेट, तिथेही नरच अंडी राखतो. मार्गारेट स्ट्युअर्ट आणि हार्वे पाव यांनी जंगलाच्या काही तुकड्यांत बांबूच्या नळ्यांची घरं बांधून ठेवली. कोकींनी ती लगेच बळकावली आणि त्या तुकड्यांत प्रौढ बेडकांची संख्या वाढली. निष्कर्ष १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला: कमतरता खाण्याची नव्हती, राहायच्या जागेची होती. बेडूक कमी झाले की आपण लगेच किडे कमी झाले असतील म्हणतो. तसंच असेल असं नाही.

पण कॅलाझोडेसच्या बाबतीत ड्रिलला माझा विरोध आहे. ड्रिलने पडतं ते गोल भोक. जरा मोठं झालं की वर सांगितलेले घुसखोर सहज आत, मुंग्याही आत, आणि आतली ओल बाहेर. अरुंद चिरेने जे साधलं ते गोल भोकाने बिघडेल. शिवाय बांबू काही कायम उभा राहात नाही. एक दिवस बेटाला फुलोरा येतो आणि बेटच्या बेट मरून जातं. दर पिढीला ड्रिल घेऊन कोण जाणार? किडे आणि उंदीर हे काम फुकट करतायत, त्यांना जंगलात राहू द्यावं एवढं आपल्या हातात आहे. प्रयोग करायचाच असेल तर तो अशा जागी, जिथे बांबू आहे, ओल आहे, पण बेडूक विरळ आहेत, आणि तोही संशोधकांच्या देखरेखीखाली.

पाणी लागत नाही, तर हे बेडूक सगळीकडे पसरायला हवेत. पसरत का नाहीत?
— सांगलीहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी

एका ठिकाणी पसरलेत. वर सांगितलेला कोकी रोपवाटिकांतल्या कुंड्यांमधून १९८०च्या दशकाच्या अखेरीला हवाईत पोचला. हवाई बेटांवर मूळचा एकही उभयचर प्राणी नाही, म्हणजे बेडकाला खाणारे साप वगैरेही नाहीत. हवा बारा महिने दमट. तळ्याची गरज नसलेल्या बेडकाला आणखी काय पाहिजे? आता तिथे काही ठिकाणी कोकींचा रात्रीचा गोंगाट इतका असतो, की लोकांची झोप उडते आणि झाडाझुडपांवर सायट्रिक आम्ल फवारून त्यांना मारावं लागतं. त्याच वेळी पोर्तो रिकोमधला त्याचाच भाऊबंद, अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणारा सोनेरी कोकी, १९८१ नंतर कुणाला दिसलेला नाही.

आपल्या सह्याद्रीत परिस्थिती उलटी आहे. तळं नको असणाऱ्या बेडकाला कोरडी जमीन ओलांडता येत नाही. डबक्यातला बेडूक उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन पुढच्या पावसाची वाट पाहू शकतो. पातळ कातडीचा, इंचभराचा झुडपी बेडूक कोरड्या मैदानातून चालत पलीकडच्या डोंगरावर जाईल, हे होत नाही. पालघाटची खिंड तीसेक किलोमीटर रुंद आणि सखल. तिच्या उत्तरेचे झुडपी बेडूक बहुतांशी वेगळे, दक्षिणेचे वेगळे. अनेक जाती तर एकाच डोंगररांगेपुरत्या. २०१० मध्ये केरळमधल्या आनैमुडी शिखरावर, म्हणजे २,६९५ मीटरवर, लालभडक नारिंगी रंगाचा राऑर्केस्टेस रिस्प्लेंडेन्स सापडला. तो त्या उंच माथ्याच्या आसपासच राहतो. हवा तापली की खालचे प्राणी वर सरकतात. शिखरावरच्याने कुठे सरकायचं? २०२३ च्या जागतिक उभयचर मूल्यमापनात पाचपैकी दोन जाती धोक्यात आढळल्या, आणि २००४ नंतर ज्या जातींची स्थिती बिघडली त्यांत हवामानबदल हे मोठं कारण ठरलं. तुमच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या: आपापल्या भागातल्या जंगलात रात्रीची आर्द्रता पावसाच्या उघडिपीत किती टिकते. साधी उपकरणं पुरतात आणि अशा नोंदी कायम कमीच पडतात.

हा बेडूक विषारी आहे का? हिरवाकंच आहे म्हणून विचारतो.
— अकोल्याहून एक वाचक

नाही. प्रसिद्ध विषारी बेडूक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, आणि त्यांचं विष बरंचसं खाल्लेल्या मुंग्या आणि कोळ्यांसारख्या बारीक जीवांमधून येतं. याचा हिरवा रंग पानात लपण्याचा आहे.

सावंतवाडीजवळ आमची आंबा-काजूची बाग आहे. पावसाळ्यात रात्री झुडपांतून ‘टिक टिक टिक’ असा आवाज येतो, कीटक म्हणावा तर बॅटरी मारल्यावर छोटा तपकिरी बेडूक दिसतो. हा तुमच्या बेडकाचा नातेवाईक का? त्याच्यासाठी बागेत हौद बांधू का?
— सिंधुदुर्गातून एक बागायतदार

नातेवाईक असण्याची शक्यता भरपूर. बॉम्बे बुश फ्रॉग नावाने ओळखला जाणारा राऑर्केस्टेस बॉम्बेएन्सिस तुमच्याच पट्ट्यातला. १९१९ मध्ये ॲनंडेल यांनी गोव्याच्या सीमेजवळच्या कॅसलरॉकहून त्याचं वर्णन केलं. नावात बॉम्बे असलं तरी खरं घर घाटाचं. साताऱ्याकडच्या भागातून २०१३ मध्ये राऑर्केस्टेस घाटेई ही जात नोंदवली गेली. ती पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या नावाने. नक्की जात ओळखायला मात्र आवाजाचं ध्वनिमुद्रण आणि जवळून काढलेलं छायाचित्र लागेल. मोबाइलवर दोन मिनिटं मुद्रित केलंत तरी चालेल, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

हौद अजिबात नको. या बेडकासाठी त्याचा काही उपयोग नाही, उलट डास होतील. त्यापेक्षा पातेरा जाळू नका. आपल्याकडे बाग स्वच्छ दिसावी म्हणून खालची झुडपं काढून टाकतात, पातेरा गोळा करतात, तणनाशक मारतात. वरून बाग हिरवीगार दिसते, पण जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचा थर, जिथे हा बेडूक ओरडतो आणि अंडी घालतो, तो कोरडा ठाक पडतो. बांधाच्या कडेची झुडपं तेवढी ठेवा, निदान पावसाळ्याचे चार महिने. उत्पन्नाला त्याने धक्का लागत नाही. माझ्या ओळखीत असं करणारे बागायतदार आहेत आणि त्यांची काजू-बी बाजारात इतरांसारखीच विकली जाते.

ईटा तोडल्याने हा बेडूक संपतो, मग टोपल्या-चटया घ्यायच्या नाहीत का? केरळहून आणलेली चटई आमच्या घरी आहे.
— ठाण्याहून एक वाचक

चटई खुशाल वापरा. ईटा विणून जगणारी हजारो कुटुंबं केरळमध्ये आहेत. त्यांना कच्चा माल पुरवायला राज्याचं बांबू महामंडळ १९७१ पासून आहे. विणकराला हवी असते कोवळी, अखंड काठी. किड्याने पोखरलेली, चीर गेलेली काठी त्याच्या कामाची नाही, आणि बेडकाला नेमकी तीच हवी. म्हणजे निवडून तोडणाऱ्या माणसाचं आणि बेडकाचं भांडण मला तरी मोठं वाटत नाही. भांडण आहे ते बेट सरसकट कापण्याशी. कागदाच्या लगद्यासाठी तोड होते तेव्हा कोवळी-जुनी, अखंड-फुटकी सगळी एकाच मोळीत जातात, आणि चिरांमधले बाप-अंडीही. व्याघ्र प्रकल्पाच्या आत ही तोड होत नाही. त्याबाहेरच्या बेटांची काळजी वाटते. तिथे एका वेळी किती बेटं कापायची आणि जुन्या, भोकं पडलेल्या काठ्या उभ्या ठेवायच्या का, हे तोडीच्या नियमात लिहिता येण्यासारखं आहे.

जगातला सर्वांत छोटा बेडूक कोणता? आमच्या गटात पैज लागली आहे. आणि बेडकाची लांबी पायासकट मोजतात की पायाशिवाय?
— साताऱ्याहून इयत्ता नववीतली एक मुलगी

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यावर पैज ठरेल. पाय धरायचे नाहीत. नाकाच्या टोकापासून शरीराच्या मागच्या टोकापर्यंत, गुदद्वारापर्यंत, सरळ रेषेत मोजायचं. तुझ्या मैत्रिणीने पाय ताणून मोजलं असेल तर ती बाद.

भारतातल्या सर्वांत छोट्या बेडकांमध्ये २०१७ साली केरळ-तमिळनाडूच्या घाटातून नोंदवलेले काही निशाचर बेडूक येतात. त्यातला निक्टिबॅट्रॅकस रॉबिनमूराय १२.२ मिलिमीटरचा. तुझ्या अंगठ्याच्या नखावर बसेल. न्यू गिनीतला पेडोफ्रिने अमाउएन्सिस सुमारे ७.७ मिलिमीटर, आणि तो बराच काळ पहिल्या नंबरावर होता. २०२४ मध्ये ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातल्या ब्रॅकिसेफॅलस पुलेक्सचा एक प्रौढ नर ६.४५ मिलिमीटर भरला. पुलेक्स म्हणजे पिसू. पैजेत कुणी न्यू गिनी म्हटलं असेल तर त्याचं पुस्तक जुनं आहे.